ब्राउझर काढून परत टाकला की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पानं उघडेनाशी झाली तर काय करावं, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घड्याळ बघा, प्रॉक्सी (नेटकडे जाताना मध्ये लागणारा मध्यस्थ) बघा, दुसऱ्या नेटवरून बघा हे सगळं पाल्हाळ आहे, ब्राउझर अनइन्स्टॉल करून परत टाकला की काम भागतं. पुरावा म्हणून जानेवारी २०२२ चा किस्सा दिलात. ऑफिसातल्या सगळ्या मशिनांवर फायरफॉक्स एकाएकी ठप्प, तुम्ही एकेका मशिनवर तो काढून परत टाकलात आणि दुपारपर्यंत सगळं सुरळीत. वर "आम्ही अनुभवाचं बोलतो" हेही आहेच.

मग तोच किस्सा घेऊ. त्या दिवशी नेमकं काय झालं हे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने पुढे स्वतःच तपशीलवार जाहीर केलं.

१३ जानेवारी २०२२, संक्रांतीचा आदला दिवस. जगभर जवळपास दोन तास फायरफॉक्स निरुपयोगी झाला होता. दोनच दिवस आधी ९६ वी आवृत्ती आली होती, त्यामुळे बऱ्याच जणांचा पहिला संशय तिच्यावर गेला. झालं होतं वेगळंच. मोझिला ज्या कंपनीचा क्लाउड वापरते, तिने आपल्या लोड बॅलन्सरवर (येणारी रहदारी सर्व्हरांत वाटून देणारी यंत्रणा) एचटीटीपी३, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरने आपसात बोलायची नवी पद्धत, चालू केलं, तेही न कळवता. फायरफॉक्स वापराची थोडीफार माहिती आपण होऊन मोझिलाकडे पाठवत असतो, टेलिमेट्री म्हणतात ती. ती आता या नव्या वाटेने जाऊ लागली, आणि तिथे एक जुनी चूक दबा धरून बसलेली होती.

माहिती पाठवताना मजकूर किती लांबीचा आहे हे सांगणारा 'कंटेंट-लेंग्थ' नावाचा हेडर सोबत असतो. नाव कॅपिटलमध्ये लिहा की स्मॉलमध्ये, नियमाप्रमाणे फरक पडायला नको. पण टेलिमेट्री रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या ज्या भागातून जायची, तो सगळी नावं स्मॉल करून टाकायचा, आणि एचटीटीपी३ चा कोड मात्र कॅपिटलवालंच नाव शोधायचा. ते सापडेना. म्हणजे त्याच्या लेखी मजकूर शून्य, प्रत्यक्षात मजकूर समोर शिल्लक. झालं, गडी लूपमध्ये, म्हणजे तेच ते परत परत करण्यात, अडकला तो अडकलाच. फायरफॉक्सची नेटवर्कची सगळी कामं एकाच थ्रेडवरून, म्हणजे एकाच रांगेतून, जातात. एकच खिडकी चालू असलेल्या तिकीटघरात पहिलाच माणूस सुट्ट्यांवरून हुज्जत घालत बसावा, तशी मागची अख्खी रांग खोळंबली. टेलिमेट्री बंद ठेवणाऱ्यांचा फायरफॉक्स त्या दिवशीही व्यवस्थित चालत होता, तो यामुळे.

आता तुमचं रीइन्स्टॉल. तुम्ही जी प्रत परत उतरवलीत ती त्याच आवृत्तीची, त्याच चुकीसकट. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी ९६.०.१ मध्ये आली. दरम्यान मोझिलाने आपल्या बाजूला सर्व्हरवर एचटीटीपी३ बंद केलं, त्यानंतर ब्राउझर नुसता बंद करून उघडला तरी चालत होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, दुसरं काय! ज्यांनी अबाउट-कॉन्फिग या फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन एचटीटीपी३ बंद केलं, ते मोझिलाची वाट न बघता कामाला लागले होते.

आणि रीइन्स्टॉलने साफ काय होतं? फायरफॉक्स काढला तरी प्रोफाइलचं, म्हणजे तुमच्या सेटिंग, बुकमार्क वगैरे साठवलेलं, फोल्डर जागेवरच राहतं. ॲड-ऑन तेच, बदललेल्या सेटिंग तशाच. प्रोफाइल खरंच बिघडलं असेल तर 'रिफ्रेश फायरफॉक्स' वापरा. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, ॲड-ऑन जातात. क्रोमचं दुखणं उलट आहे. काढताना ब्राउझिंग डेटाही पुसू का, असं तो विचारतो. घाईत तिथे टिक केली आणि सिंक चालू नसेल, तर साठवलेले पासवर्ड गेले.

शिवाय अर्धी दुखणी ब्राउझरच्या बाहेरची असतात. व्हीपीएन किंवा कुठलंसं फुकटचं 'स्पीड बूस्टर' काढून टाकलं, पण विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये १२७.०.०.१ (म्हणजे हाच कॉम्प्युटर, जिथे आता उत्तर द्यायला कुणी नाही) तसंच राहिलं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता फोनवरच विचारतो. क्रोम आणि एज दोन्ही तीच सेटिंग वाचतात. दहा वेळा क्रोम टाका, तो दहा वेळा त्याच बंद दारावर जाऊन धडकणार.

घड्याळाची तुम्ही थट्टा केलीत, म्हणून हे एक. आत्याच्या जुन्या डेस्कटॉपवर रोज सकाळी एकही साइट उघडत नसे, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची तिची सवय, आणि मदरबोर्डवरचा सेल मेलेला. सकाळी कोपऱ्यात तारीख कित्येक वर्षं मागची. साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. कॉम्प्युटरच्या हिशेबी ते अजून सुरूच झालेलं नव्हतं. सीआर२०३२ हा बटणासारखा सेल किरकोळ किमतीत मिळतो. तो बदलला, संपलं. तिथेही आधी कुणीतरी क्रोम काढून परत टाकून गेलं होतं.

३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट ज्याच्यावर टेकून होतं ते जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं. तेव्हा एल कॅपिटन ही जुनी मॅकओएस आवृत्ती असलेल्या मॅकवर सफारी आणि क्रोम असंख्य साइटवर अडत होते आणि फायरफॉक्स चालत होता, कारण तो मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःची बाळगतो. क्रोम परत टाकून काही उपयोग नव्हता, कारण तो तेव्हा मॅकचीच यादी वापरायचा.

म्हणून लेखात आधी विचारलं होतं: एकच साइट की सगळ्या? एकच ब्राउझर की दोन्ही? त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का? याला दोन मिनिटं लागतात. तुमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी एज हा दुसरा ब्राउझर उघडून बघितला असता, तर नेट शाबूत आहे हे तिथेच कळलं असतं.

कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रती, पुसावा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. एकच साइट विचित्र दिसत असेल तर खुशाल पुसा, फक्त कुकीजवरची टिक आधी काढा, नाहीतर सगळीकडे परत लॉगिन करत बसाल. सगळ्याच साइट बंद असतील तर कॅशेला हात लावू नका. पानावर तळाशी बारीक अक्षरात जी एरर येते तिचा फोटो काढा आणि इथे टाका, बघतो.