देशभक्तीची गाणी शत्रूच्या जिवावर जगत नाहीत

ऑगस्ट जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो. यंदा मला तो पाच-सहा जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हिंदी सिनेमातली देशभक्तीची गाणी म्हणजे शत्रूच्या नावानं चिथावणी, ढोल-बिगुलाची आणि चढ्या सुराची करामत, वर सरकारी प्रचार. आणि ती ऐकून डोळ्यांत आलेलं पाणी चहा पिऊन होईपर्यंत सुकतं. ही गाणी ऐकत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे वाचून वाईट वाटलं. गप्प बसवेना.

आधी शत्रूचं बघू. १५ ऑगस्टला सकाळी झेंड्याआधी लाउडस्पीकरवर हमखास लागणारं गाणं म्हणजे 'ऐ मेरे प्यारे वतन'. 'काबुलीवाला' या १९६१ सालच्या चित्रपटातलं. शब्द प्रेम धवन यांचे, चाल सलील चौधरींची, आवाज मन्ना डे यांचा. ते गाणं आहे पोटासाठी कलकत्त्याला आलेल्या पठाणांचं आणि ज्या वतनासाठी ते झुरतात ते आहे अफगाणिस्तान! त्यात शत्रू औषधालाही सापडत नाही. सापडते ती ओढ. हे वतन कधी आईच्या मायेनं छातीशी धरतं, कधी चिमुकल्या लेकीसारखं आठवतं. घरी लेक ठेवून आलेल्या बापाची गोष्ट आहे ती, देश त्याला दुसऱ्या कुठल्या रूपात आठवणार? दिग्दर्शक हेमेन गुप्ता. १९५२ साली 'आनंदमठ' काढून 'वंदे मातरम्' पडद्यावर आणलं ते यांनीच. त्याच माणसाला परक्याची मायभूमीही तितकीच जवळची वाटावी, हे मला फार मोठं वाटतं. आणि आपण ते गाणं इतकी वर्षं आपलंच मानून ऐकतो, कारण पठाणाला काबूल आठवतं तेव्हा आपल्याला आपलं गाव आठवतं.

ढोल आणि चढा सूर? याच गाण्यात मन्ना डे यांनी आवाज किती दाबून ठेवलाय ते ऐका. रबाबाच्या तारा आणि शेजारी निजलेला माणूस जागा होऊ नये इतपत सूर. 'हकीकत' (१९६४) तर १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवावर काढलेला चित्रपट. 'कर चले हम फ़िदा'मध्ये कैफी आझमी, मदन मोहन आणि रफी मिळून जिंकल्याचा तोरा मिरवत नाहीत. मरणारा माणूस देश मागच्यांच्या हाती सोपवून जातो, इतकंच. त्याच चित्रपटातलं 'होके मजबूर मुझे' चार जणांच्या आवाजात आहे आणि त्यातल्या जवानांच्या मनात आहे ती मागे राहिलेली जिवलग.

माझे मामा फौजेत होते. निवृत्त झाल्यावर गावी एकदा आम्ही सगळे टीव्हीवर 'बॉर्डर' बघत बसलो होतो. रणगाडे आले की मामा चुका काढायचे, हसायचे. 'संदेसे आते हैं' सुरू झालं, घरच्या पत्रांचं गाणं. दुसऱ्या कडव्याला मामा उठले आणि गोठ्यात गेले. मी मागोमाग गेलो, तर म्हशीपुढे वैरण टाकत होते. वैरण तासाभरापूर्वीच टाकून झाली होती.

सरकारी प्रचाराच्या आरोपाला फार वेळ द्यायला नको. १९४३ साली 'किस्मत'मध्ये कवी प्रदीप यांचं 'दूर हटो ऐ दुनियावालों' आलं तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं. गाण्यात नाव जर्मन-जपान्यांचं, म्हणून सेन्सॉरनं सोडलं. लोकांना कळायचं ते कळलं. त्याच मजकुरात 'ऐ मेरे वतन के लोगों'लाही सिनेमातलं गाणं म्हटलंय. ते कुठल्याच सिनेमातलं नाही. शब्द प्रदीप यांचेच, चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. २७ जानेवारी १९६३ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाईंनी ते पहिल्यांदा गायलं. समोर नेहरू होते. ज्यांच्या कारकिर्दीत १९६२च्या युद्धात जवान कामी आले, त्यांच्याच तोंडावर ते गाणं त्या मरणाची आठवण काढत होतं. याला प्रचार कसं म्हणायचं?

नुसत्या ललकारीवर उभी असलेली गाणी हल्ली निघतात, हे मला मान्य आहे. मला ती दोनदा ऐकवत नाहीत.

आता ते सुकणारं पाणी. प्रदीप यांनी आपल्या त्या गाण्याचं मानधन युद्धात नवरा गेलेल्या बायकांसाठी देऊ केलं होतं. आणि मामांनी त्या रात्री ट्रंक उघडली. तळाशी बरोबरच्या एका जवानाच्या घरचा पत्ता होता. तो जवान परत आला नव्हता. सकाळी मला पोस्टात कार्ड आणायला पिटाळलं. पुढे दर दिवाळीला त्या घरी मामांचं पत्र जायचं. मामा गेले, आता मामी लिहिते.