शेवटी पट्टी मारू म्हणे!

आज सकाळी पुन्हा ठेचकाळले. त्याच जागी, स्वयंपाकघराच्या दारात; उजव्या पायाची तीच करंगळी, हातात गरम चहा. स्वतःच्या घरात, पदरचे पैसे मोजून करून घेतलेल्या फरशीवर!

आमची जुनी मोझॅक कशी का असेना, सगळीकडे एका पातळीत होती. हॉलमधून स्वयंपाकघरात डोळे मिटून जावं. पण आम्हाला घर ‘नवं’ करायचं होतं ना! तोडफोड म्हणजे धूळ, राडारोड्याच्या गोण्या, खालच्यांची कुरकुर; म्हणून कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, जुन्यावरच केमिकलने टाइल चिकटवू. टाइल ९ मिलिमीटर, केमिकल ४, म्हणजे हॉल १३ ने वर. बेडरूममध्ये लॅमिनेट (लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या) ८ आणि खालचा फोम २, म्हणजे १०. स्वयंपाकघरापर्यंत येता येता पैसे संपले, ते तसंच राहिलं. ही बेरीज दुसरीतलं पोरही करेल. पण एकाही शहाण्याने (माझ्यासकट) ती आधी केली नाही.

दारांत उंची कमी-जास्त होईल त्याचं काय, हे विचारलं नव्हतं असंही नाही. फरशीवाला म्हणाला, “ताई, शेवटी पट्टी मारू.” (म्हणजे दोन फरश्यांमधला सांधा झाकणारी पट्टी.) लॅमिनेटवाला म्हणाला, “पट्टी येते ना, मॅडम.” दारं खालून तासायला आलेला सुतार म्हणाला, “पट्टी मारली की कळणारसुद्धा नाही.” अरे, ती पट्टी आहे की अंगारा?

मारली पट्टी. बेडरूमच्या दारात फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा, तिथे खपून गेली असती. पण सुतारमहाशयांनी ती लॅमिनेटमधूनच आरपार स्क्रूने आवळली. लॅमिनेट दमट हवेत फुगतं, म्हणून कडेला ८-१० मिलिमीटर जागा मोकळी सोडतात आणि पट्टी खालच्या जमिनीला धरतात, लॅमिनेटला नाही. हे मला नंतर वाचून कळलं, त्यांना ‘वीस वर्षांच्या अनुभवात’ कळलं नाही. पावसाळ्यात दारापाशी पोक आलंय. पाय ठेवला की कर्रर्र.

बाथरूमचीही तीच गत. आतली फरशी वर आली, उंबरठा होता तिथेच. आता बादली जरा सांडली की पाणी थेट लॅमिनेटवर.

आणि स्वयंपाकघराचं दार! १३ मिलिमीटरचा उतार ४० मिलिमीटरच्या पट्टीत कोंबलाय. रॅम्पला एकास बारा उतार धरतात, त्या हिशेबाने १५६ मिलिमीटर लांबी लागली असती, चांगला सहा इंचांचा उतार. आमच्याकडे घसरगुंडी आहे. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. परत हॉलमध्ये येताना पुढची चाकं त्या पट्टीला अडतात आणि त्या “अगं, ये गं जरा” म्हणून हाक मारतात. दिवसातून सात-आठ वेळा. ज्या बाईने तीस वर्षं त्याच दारातून भरलेले हंडे नेले, तिला आता दार ओलांडायला माणूस लागतो!

काल कॉन्ट्रॅक्टरला फोनवर झाडला. तर म्हणे, “त्यात काय मॅडम, स्वयंपाकघरातही वरून टाइल टाकू, सगळं लेव्हल!” म्हटलं, मग ओटा तेवढा बुटका होईल, खालची ट्रॉली फरशीला घासेल, आणि ड्राय बाल्कनीच्या दारात पुन्हा १३ मिलिमीटर, त्याचं काय?

तो क्षणभर थांबला आणि “तिथे आपण...” एवढंच म्हणाला. मी फोन ठेवून दिला.