‘9 ग्रॅमला एवढे पैसे?’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. सकाळी पुन्हा वाचला. आधी माझ्या चुका कबूल करते. पार्सल 4 दिवस उशिरा पोचलं आणि एका कानातल्याचा हूक वाकलेला निघाला. बहिणीच्या वाढदिवसाची भेट होती, ती वेळेवर आणि धड पोचायला हवी होती. मनापासून माफी मागते. डबी पातळ होती, हेही मान्य.

आता त्या वाक्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, “वजन केलं तर जोडी 9 ग्रॅम भरली. आजच्या भावाने एवढ्या चांदीचे जितके होतात त्याच्या सहापट घेतले. हाताने बनवलं म्हणायचं आणि लुटायचं.” लुटायचं हा शब्द फार लागला. दोन तारे दिलेत त्याचं एवढं वाटलं नसतं.

खरं तर त्या 9 ग्रॅममध्ये मोतीही आले. म्हणजे चांदी तेवढीही नाही. हे तुमच्याच बाजूने जातं, पण हिशोब करायचा तर पुरता करू. तुम्ही पाहिलात तो भाव विटेचा. मला लागते तार, तीही दोन जाडीची: सांगाड्याला 0.8 मिलिमीटरची आणि वेढ्यांना 0.4 ची. तार ओढून देणारा त्याची घडणावळ लावतो, आणि माझ्यासारखी थोडीथोडी घेणारी असेल तर जास्तच लावतो. कापताना जे तुकडे पडतात ते डबीत साठवते. परत द्यायला गेलं की घट धरूनच पैसे मिळतात. चांदी 925 ची आहे, म्हणजे हजार भागांत 925 चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. लिस्टिंगमध्ये तसं लिहिलेलं आहे, पहिल्याच ओळीत.

मोती गोड्या पाण्यातले आहेत. एका सरीत 40 मोती असले तरी रंग, आकार आणि चमक जुळणारे दोन काढायला अर्धा तास सहज जातो. भोकं बारीक असतात. तार जात नसेल तर मोती ओला ठेवून हाताने भोक मोठं करावं लागतं, आणि त्यात एखादा तडकतो. तुमच्या जोडीत एक तडकला. तो मी बिलात लावला नाही.

वेढे घालणं दिसतं सोपं. पण तार वाकवली की कडक होते. चुकलं म्हणून सरळ करून परत वाकवली, असं दोनतीनदा केलं की तुटते. मग पहिल्यापासून. पहिलं कानातलं झालं की खरं कठीण काम सुरू होतं, कारण दुसरं त्याच्यासारखंच पण आरशात पाहिल्यासारखं उलट वळायला हवं. तुमच्या जोडीला 3 तास 20 मिनिटं लागली. फोटो, वर्णन आणि पॅकिंग यात धरलेलं नाही.

छापील किमतीच्या शंभरातले माझे साधारण असे जातात: 28 मालाला, 13 डबी आणि पाठवणीला, 11 या मंचाच्या कमिशनला आणि पैसे वळते करण्याच्या शुल्काला, 6 जाहिरातीला, 4 मोडतोड आणि परतीला. कमिशन पाठवणीच्या खर्चावरही कापलं जातं, हे मलाही पहिल्या महिन्याचा हिशोब आल्यावरच कळलं. “फ्री डिलिव्हरी” लिहिलं तरी कुरिअरवाला फुकट नेत नाही. राहिले 38. तुम्ही 15 टक्क्यांचं कूपन वापरलंत. तार स्वस्त झाली नाही, कुरिअरही नाही. कमिशन जरासं कमी झालं असेल, बाकी सगळं त्या 38 मधून गेलं. जे उरलं त्याला 3 तास 20 मिनिटांनी भागून बघा. मी भागलं होतं, आणि पुन्हा भागायची इच्छा नाही.

तुम्ही “हेच एक तृतीयांश किमतीत” म्हणून ज्या कानातल्यांचा फोटो पाठवलात, तो नीट बघा. तोच फोटो, तीच सावली, वेगवेगळ्या नावांच्या 5 दुकानांत आहे. ते ओतीव काम आहे. मेणाचे नमुने झाडासारखे एका दांड्यावर लावतात आणि एका ओतणीत डझनावारी निघतात. वाईट असतं असं मुळीच नाही. मग ते घ्यायचं. माझ्याकडून घेऊन त्याच्या भावाने मोजायचं, हे मला जमत नाही.

उशिराबद्दलही एक सांगायचं नव्हतं, पण रिव्ह्यूत सगळा दोष माझाच आलाय म्हणून सांगते. पॅक झालेल्या जोडीची लांबी अर्धा सेंटिमीटर वाढवा, असा तुमचा निरोप तिसऱ्या दिवशी आला. मी उघडली, वाढवली, जादा काही घेतलं नाही. त्या 4 दिवसांतले 2 तिथे गेले. बाकीचे 2 माझे, त्यांना सबब नाही.

रिव्ह्यू काढून टाका असं म्हणणार नाही. लहान दुकान आहे, एवढ्या थोड्या रिव्ह्यूंत असा एक आला की सरासरी लगेच खाली येते आणि शोधात आम्ही दिसेनासे होतो, एवढंच तुमच्या कानावर घालते. पुढच्या लिस्टिंगांत वजन आणि लागणारा वेळ लिहायचा विचार आहे, आणि डब्यांचंही काहीतरी बघते.

नवीन हूकची जोडी करून ठेवली आहे, पाठवणी माझ्याकडून. पत्ता तोच आहे की बहिणीचा द्यायचा, तेवढं मेसेजमध्ये कळवा.