‘मोबाईलवर रोज फुकट बिटकॉइन’: त्या मेसेजमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. ग्रुप शेतमालाच्या भावाचा असो, दहावीच्या बॅचचा असो की गणेश मंडळाचा, मेसेज तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाईलवर रोज दोन तास द्या आणि महिन्याला पंधरा हजारांचे बिटकॉइन फुकट मिळवा. गुंतवणूक शून्य, म्हणून तोटाही शून्य. आज रक्कम लहान वाटली तरी उद्या भाव वाढला की त्याचेच लाखो होतील. २०१० मध्ये अशाच वेबसाइटवरून लोकांना पाच-पाच बिटकॉइन फुकट मिळाले होते. पैसे कधीही बँकेत घेता येतात, टॅक्स लागत नाही. आणि माणसं जोडली तर कमिशन वेगळं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, एका गावात बँक मित्राचं काम करतो. लोकांचे अंगठे घेऊन पैसे काढून देणं, पासबुक भरून देणं, पीएम किसानचा हप्ता आला की नाही ते बघून सांगणं, हा माझा दिवस. ज्या घरांत हा मेसेज गेला त्या घरांची पासबुकं माझ्या टेबलावर येतात. म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी तो पंधरा हजारांचा आकडा.

माझा भाचा बारावीनंतर घरी होता आणि मेसेज वाचून तसल्या वेबसाइटवर रोज बसायचा. एका संध्याकाळी वही घेऊन आला आणि म्हणाला, “मामाजी, तीन हजार झाले नं!” मी विचारलं, “काहाचे तीन हजार?” तर म्हणाला, “सातोशीचे.” पोरगा हिशेबाला पक्का. वहीत रोजची तारीख, वेबसाइट आणि मिळालेले सातोशी अशा तीन रांगा आखलेल्या होत्या. ५४ दिवस, रोज सरासरी १४ वेळा, दर वेळी सरासरी ४ सातोशी. एकूण ३,०२४.

एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग केले की एक भाग म्हणजे एक सातोशी. बिटकॉइनचा भाव रोज हलतो, पण हिशेबासाठी ८० लाख रुपये धरला तर एक सातोशी आठ पैशांचा होतो. तीन हजार चोवीस सातोशी म्हणजे २४२ रुपये. दर वेळी कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारं छोटं कोडं, सोडवायचा, दोन-तीन जाहिराती बंद करायच्या, पान उघडायची वाट बघायची, यात अडीच मिनिटं जातातच. म्हणजे ५४ दिवसांत त्याचे साडेएकतीस तास गेले. तासाला पावणेआठ रुपये पडले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. तेवढेच तास त्याने रोहयोच्या कामावर काढले असते तर चार दिवसांचे साडेबाराशे मिळाले असते.

आता मेसेजमधला आकडा उलटा मोजू. महिन्याला पंधरा हजार हवे असतील तर रोज ६,२५० सातोशी लागतील. एका वेळी चार मिळत असतील तर दिवसातून दीड हजारांहून जास्त वेळा तो कॅप्चा सोडवावा लागेल. दिवसाची मिनिटं सगळी मिळून १,४४०. न झोपता, न जेवता दर मिनिटाला एक सोडवला तरी आकडा गाठला जात नाही, आणि मेसेज म्हणतो दोन तास. ज्याने हे लिहिलं त्याने एकदाही हा गुणाकार केलेला नाही, किंवा केला असेल आणि तरी लिहिलं असेल. दुसरी शक्यता मला जास्त त्रास देते.

शिवाय हे २४२ रुपये भाच्याच्या हातात आलेच नाहीत. त्या वेबसाइटवर किमान ३०,००० सातोशी जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. त्याच्या गतीने त्याला जवळपास दीड वर्ष लागलं असतं. तोवर वेबसाइट चालू राहील, दर तोच राहील, नियम बदलणार नाहीत, याची हमी कोण देणार? काढताना नेटवर्कचं शुल्क कापलं जातं ते वेगळंच.

ही वेबसाइट पैसे देते तरी का, हेही समजून घ्या. अशा वेबसाइटला फॉसेट म्हणतात, फॉसेट म्हणजे नळ. तुम्ही पान उघडलं की जाहिरातदार वेबसाइटला पैसे देतो, आणि वेबसाइट त्यातला बारीकसा तुकडा तुमच्याकडे सरकवते. तुम्ही तिथे कमवायला गेलेले नसता, तुमची नजर विकली जात असते. सातोशी हा त्या नजरेचा मोबदला आहे, आणि तो फार कमी आहे.

दुसरा मुद्दा २०१० चा. तो खरा आहे, म्हणूनच लोकांना पटतो. गॅव्हिन अँड्रेसन या प्रोग्रामरने जून २०१० मध्ये पहिला बिटकॉइन फॉसेट सुरू केला आणि कॅप्चा सोडवणाऱ्याला पाच बिटकॉइन दिले. पण त्या पाचांची तेव्हाची किंमत किती होती? त्याच्या महिनाभर आधी, २२ मे २०१० रोजी, अमेरिकेत एकाने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले होते. त्या पिझ्झांची किंमत ४१ डॉलरच्या आसपास होती. त्या भावाने पाच बिटकॉइन म्हणजे दोन सेंट, आपला जेमतेम एक रुपया. अँड्रेसनला लोकांना नवी गोष्ट हाताळून बघायला द्यायची होती, म्हणून त्याने स्वतःजवळचे बिटकॉइन वाटले.

म्हणजे तेव्हाही नळातून रुपयाभरच पडत होतं आणि आज तर एका वेळी रुपयाही पडत नाही. भाव चढत गेला तसे नळ चालवणाऱ्यांनी सातोशी कमी केले. पुढेही तेच करतील, कारण त्यांच्या जाहिरातीचं उत्पन्न बिटकॉइनच्या भावाबरोबर वाढत नाही. आणि भाच्याचे ३,०२४ सातोशी त्याने जपून ठेवले, बिटकॉइन दसपट वाढला, असं सगळं मनासारखं धरलं तरी हातात येतील २,४२० रुपये. लाखो होण्यासाठी आज हजारो रुपयांचे बिटकॉइन जवळ लागतात, आणि ते नळातून येत नाहीत.

इथे कोणी पाय नेटवर्कचं, म्हणजे रोज बटण दाबलं की स्वतःचे कॉइन देणाऱ्या ॲपचं, नाव काढेल, कोणी हॅमस्टर या टेलिग्रामवरच्या कॉइनच्या खेळाचं. पायचं ॲप मार्च २०१९ मध्ये आलं आणि खुलं नेटवर्क, म्हणजे ते कॉइन बाहेर विकायची सोय, २० फेब्रुवारी २०२५ ला सुरू झालं. सहा वर्षं रोज बटण दाबणाऱ्यांपैकी ज्यांची केवायसी झाली त्यातल्या काहींनी विकून पैसे घेतले, हे मान्य आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तर आमच्या बसस्टँडवरची पोट्टी टेलिग्रामवर हॅमस्टरला टिचक्या मारत बसलेली मी रोज बघत होतो. त्या सप्टेंबरच्या २६ तारखेला कॉइनचं वाटप झालं आणि ज्यांनी मोटारसायकलची स्वप्नं बघितली होती त्यांना मोबाईलच्या रिचार्जएवढं मिळालं. त्या पोरांच्या चेहऱ्यावरची निराशा मी पाहिली आहे, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

आता ‘गुंतवणूक शून्य, तोटा शून्य’. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे.

यातल्या बऱ्याच लिंक आधी एक एपीके फाइल उतरवायला लावतात. ते ॲप प्ले स्टोअरवर नसतं, थेट मोबाईलमध्ये टाकायचं असतं. टाकलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो. लग्नाच्या पत्रिकेच्या आणि पीएम किसानच्या नावाने येणाऱ्या एपीके फायलींनी खाती रिकामी कशी होतात हे आता गावोगावी माहीत झालं आहे, पण तीच फाइल बिटकॉइनच्या नावाने आली की हात पुढे होतो. दुसरं म्हणजे आधार आणि पॅनचा फोटो, वर हातात आधार धरून सेल्फी. सरकारकडे नोंदणी असलेल्या एक्सचेंजला, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीला, केवायसी करावीच लागते. मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे, म्हणजे बिटकॉइनसारख्या सगळ्या डिजिटल कॉइनचे, व्यवहार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत. पण टेलिग्रामवरच्या अनोळखी ॲडमिनला ते कागद कशाला हवेत? एकदा गेलेला आधारचा फोटो परत मागता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट मी माझ्या टेबलावर पाहिली.

जून महिना, मृग लागलेला. पन्नाशी उलटलेले एक शेतकरी बियाण्यासाठी पैसे काढायला आले. अंगठा ठेवला, व्यवहार फेल. पुन्हा ठेवला, पुन्हा फेल. बोट धुतलं, गमछ्याला पुसलं, परत ठेवलं. मला वाटलं नेहमीसारखी अंगठ्याची रेष उमटत नसेल. शाखेत फोन केला तेव्हा कळलं की खात्यावर होल्ड आहे, परराज्यातल्या सायबर पोलिसांकडून पत्र आलेलं आहे. खात्यात त्यांचे स्वतःचे १९,४०० रुपये होते, तूर विकल्याचे आणि पीएम किसानचे. ते बाकावर बसून एवढंच म्हणत राहिले, “बाप्पा, मी तं कोणाचा रुपया नाही घेतला. माह्या खात्यात चोरीचे पैसे आले कुठून?”

मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचेही सातोशी साठले होते आणि निघत नव्हते. टेलिग्रामच्या ग्रुपवर कोणीतरी म्हणालं, तुझे कॉइन कमी आहेत, आम्ही तुला कॉइन देतो, तू पी-टू-पीमध्ये विक, दर व्यवहाराला शंभर रुपये तुझे. पी-टू-पीमध्ये अनोळखी माणूस तुमच्या खात्यात यूपीआयने रुपये टाकतो आणि तुम्ही त्याला कॉइन सोडता. वडिलांच्या खात्याला जोडलेला नंबर मुलाच्याच मोबाईलमध्ये होता. पाच दिवसांत ४६,००० रुपये आले आणि पुढे गेले. ते पैसे कुठल्यातरी फसवल्या गेलेल्या माणसाचे होते, त्याने तक्रार केली आणि पैशांचा माग काढत पोलीस या खात्यापर्यंत आले. मुलाला मिळाले सातशे रुपये. वडिलांनी कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं आणून पेरलं, आणि होल्ड निघाला तो पोळा उलटून गेल्यावर.

हा मुलगा चोर नव्हता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून ‘तोटा शून्य’ हे वाक्य पुढे पाठवणाऱ्यांवर मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

‘टॅक्स नाही’ हे तर सरळ चुकीचं. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेच्या वरच्या विक्रीवर १ टक्का टीडीएसही आहे. क्रिप्टो बाळगणं भारतात गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केले. पण ते आपलं कायदेशीर चलनही नाही. किराणा दुकानदार ते घेणार नाही आणि सोसायटीत कर्जाचा हप्ता त्यात भरता येणार नाही. शेवटी रुपयेच करावे लागतात, आणि आमच्या गावात फसगत नेमकी तिथेच झाली.

‘माणसं जोडा’ याला फार शब्द नकोत. गेनबिटकॉइन या योजनेने दरमहा १० टक्के परतावा, १८ महिने, असं सांगून माणसामागून माणूस जोडला. महाराष्ट्रातले हजारो लोक त्यात अडकले आणि ती चालवणाऱ्या अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. फॉसेटच्या लिंकमध्ये रक्कम लहान असते, पण जोडायचे असतात ते आपलेच भाऊबंद. उद्या त्यातल्या एखाद्याचं खातं होल्ड झालं तर तो त्या वेबसाइटकडे जाणार नाही, तुमच्या दारात येईल.

एक बाजू मात्र मी नाकारत नाही. भाच्याला या ५४ दिवसांत वॉलेट म्हणजे काय, त्याची गुप्त चावी कोणाला का द्यायची नाही, व्यवहार सगळ्यांना दिसतो तरी माणूस का दिसत नाही, हे समजलं. शिकायचं म्हणून कोणाला करून बघायचं असेल तर आठवडाभर पुरे. वेगळा ईमेल वापरा, एपीके नको, कागद नको, बँकेचं खातं जोडू नका. कमाई म्हणून मोजू नका.

ज्यांनी आधीच लिंक उघडली आहे त्यांच्यासाठी. एपीके टाकली असेल तर आधी मोबाईलचं नेट बंद करा, ॲप काढा आणि दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला फोन करून यूपीआय थांबवायला सांगा. ‘पैसे काढायचे तर आधी पाचशे रुपये फी भरा’ असं कोणी म्हणालं तर भरू नका. खरं शुल्क तुमच्या शिलकीतून कापलं जातं, वेगळं मागितलं जात नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. खात्यावर होल्ड आला असेल तर शाखेतून लेखी मागा: कोणत्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग पीएम किसानच्या जमेची नोंद, बाजार समितीची पट्टी, जे काही तुमच्या स्वतःच्या पैशांचं असेल ते लावून त्या ठाण्याला अर्ज करा आणि फक्त वादातली रक्कम अडवून बाकीचं खातं मोकळं करा म्हणून लिहा. तो अर्ज कसा लिहायचा हे समजत नसेल तर तुमच्या गावच्या बँक मित्राकडे जा. आमच्या गावातले असाल तर सकाळी दहापासून मी टेबलावर असतो.