विमान बुडलं तरी तिकीट निघालं

व्हर्जिनियात येऊन बरीच वर्षं झाली, पण भांडायला मला अजून नागपूरचा शाळेचा ग्रुपच लागतो. मागच्या रविवारी इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात 45 सेंटचं एअरमेलचं तिकीट मिळालं, 1988 चं, सॅम्युअल लँगलीचं. फोटो टाकला तर लगेच एकाचं उत्तर, "काहून बे, आपल्या शिवकर तळपदेंचं तिकीट कोण काढंल? राईट बंधूंच्या 8 वर्षं आधी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं त्यांनी." झालं, एक पार्टी म्हणे इंग्रजांनी दाबलं, दुसरी म्हणे सगळ्या थापा.

मला दोन्ही पटत नाही. लँगली मुळात खगोलशास्त्रज्ञ, सूर्याची उष्णता मोजायला त्याने बोलोमीटर बनवला. 1896 मध्ये त्याचं वाफेवरचं बिनमाणसाचं विमान पोटोमॅक नदीवर जवळपास 1 किलोमीटर उडालं, तेच या तिकिटावर आहे. पुढे सरकारचे 50,000 डॉलर घेऊन माणूस बसेल असं मोठं विमान केलं, ते 1903 मध्ये दोनदा नदीत पडलं, दुसऱ्यांदा 8 डिसेंबरला, आणि 9 दिवसांनी राईट बंधू उडाले. तरी इथे त्याचा मान आहे, जे उडालं त्याच्यासाठी.

पण इथलेही घसरले होते बरं का. लँगली ज्या स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख होता, तिने 1914 मध्ये ते बुडालेलं विमान बरेच बदल करून उडवलं आणि पहिला मान लँगलीचाच म्हणून सांगत बसले. ऑर्व्हिल राईट इतका दुखावला की त्याने आपलं विमान लंडनच्या म्युझियममध्ये ठेवायला दिलं. 1942 मध्ये संस्थेला चूक मान्य करावी लागली, विमान 1948 मध्ये परत आलं. खोट्या पहिलेपणाने लँगलीचाच मान कमी झाला होता.

तळपदेंनी त्या काळात मुंबईत बसून विमानाचा ध्यास घेतला, एवढ्यासाठीच मला ते मोठे वाटतात. 1895 च्या उड्डाणाचा त्या वेळचा पक्का कागद सापडला तर टपाल खात्याला पहिलं पत्र मी लिहीन. तोवर "जगात पहिले" असं छापू नये, कारण उद्या कोणी पुरावा मागितला की मान खाली त्यांची जाईल.

आणि नागपूरसाठीच तिकीट मागायचं असेल तर रात्रीच्या टपालाचं मागा ना! 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर यायची, टपालाची पोती अदलाबदल करून परत जायची. माझे आजोबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत होते, थंडीत मफलर गुंडाळून ड्युटीला निघायचे. तेव्हाची पाकिटं कोणाच्या घरच्या ट्रंकेत असतील तर फोटो टाका रे, शिक्क्याची तारीख दिसेल असे.