लायसन्स माझं, तारीख नवऱ्याची

चार महिन्यांनी आज गाडी काढली. म्हणजे काढणार होते. ते शेवटी सांगते.

अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या नवऱ्या-बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांना यातलं काही नवीन नाही, बाकीच्यांसाठी लिहितेय. इथे लायसन्स राज्य सरकार देतं, पण आमच्यासारख्यांच्या लायसन्सची शेवटची तारीख आय-९४ वरून ठरते. आय-९४ म्हणजे या देशात कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारा कागद. इथल्या नागरिकाला लायसन्स मिळतं कुठे चार, कुठे आठ वर्षांचं. मला मिळतं नवऱ्याच्या एच-वन बीला जितकी मुदत, तितकंच. वर कार्डावर 'लिमिटेड टर्म' असं छापलेलं. कुणाचा गैरसमज नको व्हायला!

नोव्हेंबरात आमची दोघांची मुदत संपली. एक्स्टेन्शनचे अर्ज त्याआधीच एकाच पाकिटातून गेले होते. नवऱ्याच्या अर्जाचे त्याच्या कंपनीने प्रीमियमचे, म्हणजे लवकर निकाल लावायचे जादा पैसे भरले, त्याचं कामाच्या पंधरा दिवसांत हातात. एच-४ला प्रीमियमची सोयच नाही, तुम्ही कितीही पैसे मोजायला तयार असा. मधली दोन वर्षं, २०२३ ते जानेवारी २०२५, एका खटल्यातल्या तडजोडीमुळे नवराबायकोचे एकत्र आलेले अर्ज एकत्रच बघायचे. त्या तडजोडीची मुदत संपली, आणि माझा अर्ज बसला रांगेत.

देशात राहायला हरकत नव्हती, कारण अर्ज वेळेत केलेला. गाडी चालवायला मात्र होती. काही राज्यांत अर्जाच्या पावतीवर थोडी मुदत वाढवून देतात म्हणे. मला नाही मिळाली.

डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, काउंटरवरची बाई खरंच गोड होती. माझी फाइल बघून म्हणाली, "हनी, तू तर सगळंच आणलंयस." आणलंच होतं! पासपोर्ट, लग्नाचा दाखला भाषांतरासकट, विजेचं बिल, पावती, नवऱ्याचं मंजुरीपत्र. तिने परदेशी माणसाची इथली मुदत तपासणाऱ्या 'सेव्ह' नावाच्या केंद्राच्या यंत्रणेत माझं नाव घातलं, थांबली, परत घातलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवायला लागली, आणि नियम आठवला असावा, पुन्हा आपल्याकडे फिरवली. आधी मला वाटलं, नावाचा घोळ असणार. आपलं मधलं नाव म्हणजे कायमची डोकेदुखी: लग्नाआधी वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, एका कागदावर आहे, दुसऱ्यावर गायब. पण यावेळी नाव बरोबर होतं. तारीखच नव्हती.

आता ज्या गावात राहतो तिथे बस नाही. फुटपाथ आमच्या कॉलनीच्या गेटपाशी संपतो, पुढे हायवे. मुलीची शाळा साडेतीन मैलांवर. स्कूलबस आहे म्हणून शाळा निभावली, पण तिचा स्विमिंगचा क्लास, डेंटिस्ट, दूध संपलं तर दूध, सगळ्याला एकतर उबर नाहीतर कुणाला तरी 'जाता जाता सोडशील का?' पुण्यात अठरा-एकोणीस वर्षांची असल्यापासून मी कुणाला असं विचारलेलं नाही. गंमत म्हणजे पुण्याचं लायसन्स, २००८ साली काढलेलं, तेव्हाच्या नियमाने वीस वर्षांचं, अजून २०२८ पर्यंत चालू आहे! लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहा वाजता गाडी घालायला मी लायक. इथे रिकाम्या रस्त्यावर नाही.

ओळखपत्राची तारीख राहण्याच्या मुदतीशी बांधायचं हे सगळं येतं २००५च्या रिअल आयडी कायद्यातून. ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांकडे राज्यांनी दिलेली ओळखपत्रं होती, म्हणून हा कायदा आला. विमानतळावर त्याची सक्ती व्हायला मात्र ७ मे २०२५ उजाडला. विमानात बसताना माझा इथला मुक्काम किती ते तपासा ना, मी पासपोर्ट दाखवीन. पण गाडी चालवता येते का हा एक प्रश्न, आणि देशात किती दिवस राहणार हा दुसरा. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ पासून ते वेगळे केलेत. तिथे कागदपत्रं नसलेल्या माणसालाही परीक्षा पास झाला की साधं लायसन्स मिळतं, विमानासाठी न चालणारं. सगळे कागद असलेल्या बाईला माझ्या राज्यात तेवढंही नाही. यावर काही मंडळी म्हणतील, "पाहुण्याने किती मागावं?" इन्शुरन्स आणि टॅक्स भरताना पाहुणे नसतो आम्ही.

जाता जाता दोन गोष्टी. भारतातून परत येताना पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळू शकतं, मंजुरीपत्रावर काहीही असो. घरी आल्यावर वेबसाइटवर तारीख बघाच. आणि डीएमव्हीच्या फॉर्ममध्ये मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, १९९३च्या कायद्यामुळे. घाईत 'हो' दाबू नका. नागरिक नसताना नोंदणी झाली तर पुढे ग्रीन कार्डच अडचणीत येतं.

तर गेल्या आठवड्यात माझी मंजुरी आली. काल त्याच बाईकडे गेले, यावेळी तारीख दिसली. कार्ड पोस्टाने येईल, तोवर एक घडीचा कागद दिलाय. आज तो गाडीच्या कप्प्यात ठेवला, सीट पुढे ओढली (नवऱ्याचे पाय लांब), किल्ली फिरवली. नुसती टिकटिक. चार महिन्यांच्या थंडीत बॅटरी पार उतरलेली. माझी गाडी म्हणून नवऱ्याने ती मधून मधून सुरू करायचीही तसदी घेतली नव्हती. जम्पर केबल कुणाकडे आहे का?