दुसऱ्याची खिडकी कशी मिळवावी

पैसे मोजून घेतलेल्या खिडकीच्या सीटपाशी पोचावं, तर तिथे कोणीतरी आधीच पट्टा लावून, पडदा ओढून, बूट काढून ठाण मांडलेलं. देशातल्या देशात विमानाने फिरणाऱ्यांना याहून जास्त काही सांगायला नको. हल्ली हे इतक्या सफाईने होतं की ही एक विद्याच मानायला हवी, आणि विद्या दिल्याने वाढते म्हणतात. म्हणून हे मार्गदर्शन. १४ए या खिडकीच्या सीटवर बसलेल्या काकांचे विशेष आभार, त्यांच्यावाचून हे लिहून झालं नसतं.

तयारी दोन दिवस आधी सुरू करावी. तयारी म्हणजे काहीही न करणं. बहुतेक कंपन्यांचं वेब चेक-इन उड्डाणाच्या ४८ तास आधी उघडतं. एसएमएस येतो, मेल येतो, व्हॉट्सॲपवर निरोप येतो. ढुंकून पाहू नका. चौघांचं तिकीट एका पीएनआरवर असलं आणि चेक-इन उघडल्या उघडल्या करून टाकलं, तर फुकटातसुद्धा दोघं-दोघं शेजारी बसायची बऱ्यापैकी शक्यता असते. तो धोका पत्करू नका. शक्यतो तिकिटंच वेगळी काढा. दोन तुमच्या कार्डावर, दोन मेव्हण्याच्या ॲपवर, कारण तिथे कूपन होतं. आता तुम्ही चौघं एकमेकांचे कोण लागता हे कंपनीच्या संगणकाला कळायची सोयच उरली नाही. काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, तेव्हा तुम्ही ६५ मिनिटं आधी धापा टाकत पोचा. तोवर १८६ सीटांच्या एअरबस ३२०मध्ये उरलेलं असतं २२बी, २७ई, २९बी आणि ३०ई. बी आणि ई म्हणजे मधल्या सीटा. कोणीही कोणाच्या शेजारी नाही. उत्तम! याच भांडवलावर पुढचा सगळा धंदा उभा करायचा आहे.

चुकून वेब चेक-इन केलंतच, तर सीटांचा तो रंगीबेरंगी नकाशा आल्याबरोबर घाबरून जा. पसंतीच्या जागेचे वेगळे पैसे घ्यायची मुभा कंपन्यांना आहे. पण ती सेवा प्रवाशाने स्वतःहून निवडायची असते, त्याच्या माथी मारायची नसते, असं डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२१च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे फुकट पुढे जायचा रस्ता पानावर कुठेतरी असतोच. फक्त पैसे भरायचं बटण ठळक असतं आणि हा रस्ता तळाशी फिकट अक्षरांत. कंपन्यांना लाख शिव्या द्या, त्या त्यांनी कमावलेल्याच आहेत. मात्र त्या शिव्या कंपनीला लिहून कळवू नका. राखून ठेवा, विमानात शेजाऱ्याला द्यायला लागतील.

मूल बरोबर असेल तर नियम अजिबात वाचू नका. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्या आणि तशी नोंद ठेवा, असं डीजीसीएने एप्रिल २०२४मध्ये सगळ्या कंपन्यांना बजावलंय. म्हणजे काउंटरवर दोन वाक्यांत काम होण्यासारखं आहे. पण मग ‘लेकराला एकटं बसवलंय हो’ हा टाहो विमानात कोणापुढे फोडणार?

मांडीवरचं बाळ असेल तर आणखी एक गोष्ट डोक्यात येऊ देऊ नका. एअरबस ३२०मध्ये तीन सीटांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मास्क चार असतात. तिघांचे तीन आणि बाळाचा एक. म्हणून एका बाजूच्या तीन सीटांत मांडीवरचं बाळ एकच चालतं. तुम्ही आणि तुमची जाऊ, दोघी आपापली बाळं घेऊन त्याच तीन सीटांत येऊन बसा. क्रूमधल्या मुलीने एकीला उठवलं की ‘हिला स्वतःची पोरं नसणार’ असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा.

आता मुख्य प्रयोग. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली थोर परंपरा. विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून इथे रुमालाऐवजी स्वतःलाच टाकायचं. बोर्डिंग पासवर छापलेल्या आकड्याकडे न बघता आवडेल त्या खिडकीला बसा. विचारायचं असतं ते बसल्यावर, आधी नाही, हे या शास्त्रातलं पहिलं सूत्र. आधी विचारलं तर समोरचा नाही म्हणू शकतो. बसल्यावर विचारलं तर त्याला तुम्हाला ‘उठवावं’ लागतं, आणि वीस माणसं मागे बॅगा घेऊन खोळंबलेली असताना चारचौघांत कोणाला उठवणं आपल्याकडे वाईट दिसतं. तुम्ही नाही, तो वाईट दिसतो. सगळी गंमत यातच आहे.

समोरचा सीट नंबर सांगू लागला की ठेवणीतली वाक्यं काढा. ‘काय फरक पडतो, विमान एकच आहे ना?’ ‘दीड तासाचा तर प्रवास.’ ‘तुम्ही एकटेच आहात ना?’ शेवटचं वाक्य सगळ्यात गुणकारी. एकटा माणूस म्हणजे रिकामी जागा, हे एकदा मनाशी पक्कं केलं की सोपं जातं. त्यातही एकटी तरुण मुलगी दिसली तर थेट ‘बेटा, जरा ॲडजस्ट कर’ म्हणून सुरुवात करावी. सूटबूट घातलेल्या धिप्पाड गृहस्थाला हे कधी विचारू नये. विचारतही नाही कोणी. विमानभर नजर फिरवून जो भांडणार नाही असा चेहरा बरोबर हेरला जातो, आणि वर म्हणायचं की कुटुंबाला एकत्र बसायचंय.

बदल्यात काय द्यायचं? २७ई. कायम २७ई. पुढची खिडकी घेऊन मागची मधली द्यायची. १४ए सोडून कोणी खुशीने २७ईला गेल्याचं कोणी पाहिलंय का? आणि ती २७ई कशी असते तेही एकदा बघावं. सीटच्या एका पाठीपासून पुढच्या पाठीपर्यंत २८ ते ३० इंच. त्यातून सीटची जाडी वजा करा म्हणजे गुडघ्यांना काय उरतं ते कळेल. दोन्ही हात-टेकू शेजाऱ्यांनी आधीच बळकावलेले. खरं तर मधल्याला दोन्ही टेकू सोडायचे असतात, एवढा साधा शिष्टाचार, तोही नाही. १४ए ज्याने घेतली त्याने ती फोटो काढायला घेतली असेल, झोपायला घेतली असेल, नाहीतर उडताना पोटात गोळा येतो म्हणून बाहेर बघायला घेतली असेल. ३सी घेणाऱ्याचं पुढचं विमान सव्वा तासात असेल. ११डीवरच्या बाईंचा गुडघा नुकताच बदललेला असेल आणि पाय बाहेर सोडायला त्यांना मार्गिकेचीच सीट हवी असेल. कोणाला दर अर्ध्या तासाने लघवीला जावं लागत असेल. हे सगळं त्याने तुम्हाला का समजावून सांगायचं? डॉक्टरचा कागद दाखवायचा तुम्हाला? त्याने तीनशे-चारशे रुपये जास्त भरले, किंवा पैसे नसतील भरले तर ४८ तास आधीचा गजर लावून बसला. तुम्ही दोन्हीतलं काही केलं नाही. मग तुमच्या आळसाचं बिल त्याने का भरायचं?

असो. मार्गदर्शन चालू होतं.

सीट बदलून घेतलीत तरी क्रूला कळवू नका. आधी नोंदवलेलं सँडविच जुन्या नंबरवर जातं. जैन जेवण बटर चिकनवाल्याच्या पुढ्यात येऊ दे, तेवढीच करमणूक.

खिडकीच हवी असेल तर बोइंग ७३७मध्ये डावीकडे पंखाच्या जरा पुढची रांग निवडा. तिथे एका रांगेला खिडकीच नसते, एअर कंडिशनिंगची नळी भिंतीतून वर जाते. पैसे भरून भिंत बघा.

आणीबाणीच्या दरवाजापाशी पाय पसरायला जागा जास्त, म्हणून तिथे आजोबांना बसवायचा हट्ट धरा. एअरबस ३२०मध्ये पंखावरचं ते दार म्हणजे साधारण पंधरा किलोची झडप. ती काढून बाहेर फेकावी लागते. त्यासाठी धडधाकट माणूस लागतो आणि पायाशी एकही पिशवी चालत नाही. पण विमान थोडंच रोज पडतं! क्रूची मुलगी दरवाजा कसा उघडायचा ते सांगत असताना रील बघा. तिथल्या दोन रांगांतल्या पुढच्या रांगेच्या सीटची पाठ मागे जात नाही, हे मात्र बसल्यावर कळलं की तिलाच जाब विचारा.

बॅगेची जागा आपल्या डोक्यावर नसते, वाटेत जिथे मोकळी दिसेल तिथे असते. सीट २७वी असली तरी बॅग चौथ्या रांगेत टाकून निवांत मागे जा. मर्यादा ७ किलोची आणि लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटरची. त्यातले अडीच किलो एखाद्या चाकाच्या बॅगेचं स्वतःचंच वजन असतं, तेव्हा आतलं सामान मोजू नका. बॅग ठेवताना आडवी, रुंद बाजूने पसरून ठेवा, म्हणजे दोन बॅगांची जागा एकीत जाते. चाकं आत करून उभी सरकवणारी माणसं क्षुद्र मनाची असतात. चौथ्या रांगेतला मनुष्य आता आपली बॅग २०व्या रांगेत ठेवेल आणि उतरताना सगळं विमान रिकामं होईपर्यंत उलट्या गर्दीकडे बघत उभा राहील. तुम्ही कशाला विचार करता?

कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीआर ७२ हे छोटं विमान जातं. त्याचं प्रवाशांचं दार शेपटीकडे असतं आणि पुढे सामानाचं. तिथे जास्त पैसे मोजून पहिली रांग घ्या आणि सगळ्यांत शेवटी उतरा.

चाकं धावपट्टीला टेकली की लगेच उभे राहा. पट्ट्याचा दिवा चालू आहे, विमान अजून जमिनीवरून सरकतंय, क्रू माइकवरून बसायला सांगतोय, तरी उभे राहाच. मान वरच्या कप्प्याखाली वाकडी करून दहा मिनिटं उभं राहायचं, बगल शेजाऱ्याच्या नाकापाशी ठेवायची आणि दार उघडलं की दीड मिनिट वाचवायचं. मग बसमध्ये पहिलं चढायचं आणि ती बस भरेपर्यंत थांबायचं. पहिला आणि चाळिसावा एकाच वेळी टर्मिनलला पोचतात, हे गणित इतक्या वर्षांत कोणाला सुटलेलं नाही.

क्रूवर हात उचलायचा असेल तर त्यालाही आपल्याकडे पूर्वपीठिका आहे. मार्च २०१७मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या, सगळ्या इकॉनॉमी सीटा असलेल्या विमानात बिझनेस क्लासची जागा का नाही म्हणून महाराष्ट्रातल्याच एका तत्कालीन खासदारांनी कर्मचाऱ्याला चपलेने मारलं आणि कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलंही. त्याच वर्षी उपद्रवी प्रवाशांचे नियम आले. शिवीगाळ, धमकीचे इशारे यांना तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी. ढकलणं, मारणं, नको तिथे हात लावणं याला सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतेल असं काही केलं तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. आता सांगा, ‘ॲडजस्ट करा’वरून सुरू झालेलं भांडण चढत चढत पहिल्या पायरीवर पोचायला किती वेळ लागतो? आणि तेव्हा व्हिडिओ काढणारे चाळीस फोन वर असतात.

आणि क्रूच्या त्या मुलीवर कशाला ओरडता? सीटा तिने वाटलेल्या नसतात. तिच्या हातात फक्त एक रिकामी सीट असली तर ती देणं असतं, तेही दारं लागल्यावर, वजनाचा तोल बिघडणार नसेल तर. तुम्ही सीटची पाठ सरळ करत नाही, खिडकीचा पडदा वर करत नाही, म्हणून ती तीनदा येऊन सांगते. ती काय हौस म्हणून? विमानाला प्रमाणपत्र मिळतं तेच मुळी निम्म्या दारांतून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतील या हिशोबावर. पडदा उघडा हवा तो बाहेर कुठल्या बाजूला आग आहे ते दिसावं म्हणून. तुमच्या सीटची मागे टाकलेली पाठ म्हणजे मागच्या तिघांचा अडलेला रस्ता. एवढंही समजत नसेल तर रेल्वेने जा. नको, रेल्वेतही दुसऱ्याच्या खालच्या बर्थवर पसरलेले तुम्हीच असता.

काही अवघड नाही हो यात. एका पीएनआरवर तिकीट काढा. चेक-इन उघडलं त्याच दिवशी करा. एकत्र बसणं खरंच गरजेचं असेल तर सीटचे पैसे भरा. तेवढ्या रकमेची कॉफी विमानतळावर पिता. तरीही वेगळ्या जागा आल्या तर काउंटरवर विचारा, मग गेटवर विचारा, मग क्रूला विचारा. शेवटी प्रवाशाला विचारायची वेळ आलीच तर त्याच्या जागेवर न बसता, उभं राहून, सरळ शब्दांत विचारा, आणि बदल्यात त्याच्याइतकी किंवा त्याहून चांगली जागा द्या. खिडकीच्या बदल्यात खिडकी, मार्गिकेच्या बदल्यात मार्गिका. मधल्या सीटवरचा माणूस मात्र कुठेही जायला तयार असतो, त्याला विचारा की आधी! आणि समोरचा ‘नाही’ म्हणाला तर तिथे विषय संपला. का नाही ते विचारायचं नाही. बायकोकडे बघून ‘लोकांना माणुसकीच राहिली नाही’ म्हणायचं नाही. गुपचूप २७ईवर जाऊन बसायचं, दीड तासाचाच तर प्रवास आहे.

आणि काका, पाय खाली घ्या. बूट घाला. ती १४ए आहे, तुमची २७ई आहे. पासवर छापलंय, वाचता येतं तुम्हाला.